चादरीचं दुसरं टोक

सुहास परब गेल्याची बातमी मला दुपारी पावणेतीनला, कार्यालयातल्या टेबलावर मिळाली. फोन त्याच्या बहिणीचा, शुभाताईंचा होता. आयुष्य बातमीच्या टेबलावर गेलेल्या माणसाचा हात आपोआप कागदाकडे जातो. नाव, वय, ठिकाण, वेळ, कारण... मी पाचही गोष्टी लिहून घेतल्या. सुहास परब, एकोणसाठ, वसई पूर्वेतला त्याचा गाळा, सकाळी साडेअकरा, हृदयविकाराचा झटका. मग शुभाताई म्हणाल्या, "देसाई, तुम्ही लिहून घेताय का?" मी पेन खाली ठेवलं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. आमची ओळख झाली ती त्याच्या तक्रारीमुळे. वसई पूर्वेतल्या औद्योगिक गाळ्यांवर मी एक मोठी बातमी केली होती. त्यात मालक होते, कामगार होते, वारंवार जाणारी वीज होती. दुसऱ्या दिवशी सुहासचा फोन आला. "सगळं छान आहे. फक्त या गाळ्यांत बनलेल्या वस्तू कोण वापरतं, ते कुठेच नाही. बातमीत ग्राहक कुठाय?" मी म्हटलं, जागा कमी होती. तो म्हणाला, "आमच्या कंपनीतही हेच कारण असायचं."

घरगुती वस्तू बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो वीस वर्षं होता. नवीन वस्तू कोणती काढायची, कशी, कोणासाठी, हे ठरवणाऱ्या विभागात. बैठकांत पडद्यावर ग्राहकांचे आलेख यायचे. अशाच एका बैठकीत त्यानं विचारलं होतं, "आपल्यापैकी कोणी गेल्या महिन्यात ग्राहकाच्या घरी जाऊन पाणी प्यायलंय का?" कोणी प्यायलं नव्हतं. नंतर त्याला बैठकांना बोलावणं कमी झालं, आणि एक दिवस राजीनामा देऊन त्यानं स्टीलच्या मांडण्या आणि कपडे वाळत घालायचे स्टँड बनवणारा एक छोटा गाळा चालवायला घेतला. राहायला फुलपाड्यात, दोन खोल्यांच्या घरात. लग्न केलं नव्हतं. आई होती, ती शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती.

गाळ्यात त्याची एक लांबट वही असे. कोणतीही वस्तू बनवायला घेण्याआधी तो निदान तीन घरांत जाऊन बसायचा. तुम्हाला काय हवं, असं कधी विचारायचा नाही. "माणसं हवं ते सांगत नाहीत, देसाई. समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात." तो नुसता बघायचा आणि लिहायचा. वहीत तीन रकाने होते. काम. अडचण. सोबत. तिसऱ्या रकान्यात ते काम करताना बरोबर कोण असतं, याची नोंद. त्याचं म्हणणं होतं की घरातली निम्मी कामं दोन माणसं गृहीत धरून ठरलेली आहेत आणि आता घरात दुसरं माणूस नसतं. मुलं आखातात, नाहीतर कॅनडात. नवरा गेलेला. बायको गेलेली. त्यानं बनवायचं ठरवलं ते एवढंच... दोघांचं काम एकट्याला जमेल अशी वस्तू. कंपनीतले लोक ज्याला धोरण म्हणायचे आणि शंभर पानांत बसवायचे, ते त्याच्या वहीत एका ओळीत होतं.

पहिली वस्तू त्याच्या आईच्या खोलीतून आली. अंथरूण रोज बदलावं लागे आणि धुतलेल्या मोठ्या चादरींची घडी त्याला एकट्याला जमत नसे. त्यानं भिंतीला स्क्रूनं बसवायची एक स्टीलची पट्टी केली. तिच्यावर हातभर अंतरानं दोन चाप. चादरीची दोन टोकं चापांत अडकवायची, उरलेली दोन हातात धरायची आणि घडी घालत भिंतीकडे चालत जायचं. आई गेल्यावर त्यानं पहिला नमुना मला दिला. माझी पत्नी गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नालासोपारा पश्चिमेच्या माझ्या घरी येऊन त्यानं स्वतः ड्रिल मारून पट्टी बसवली. खोक्यावर छापायचा मजकूर मी लिहिला होता... 'एकट्यानं चादरीची घडी घालण्यासाठी.' त्यानं पहिल्याच शब्दावर काट मारली. "दुकानात उभं राहून हा शब्द वाचला की माणूस वस्तू परत ठेवतो." मी 'एकट्यानं'च्या जागी 'झटपट' लिहिलं.

दुसरी वस्तू कळंबच्या मासळी विकणाऱ्या बायकांसाठी होती. किनाऱ्यावरून रिक्षा उभ्या असतात तिथपर्यंत मासळीची जड पाटी डोक्यावरून न्यायची, आणि ती डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते. सुहासनं कमरेएवढ्या उंचीची, घडी होणारी लोखंडी घोडी बनवली. पाटी तिच्यावर ठेवायची, गुडघ्यांत वाकायचं आणि एकटीनं डोक्यावर घ्यायची. सहा घोड्या त्यानं हिराबाईंच्या गटाला वापरायला दिल्या. तीन आठवड्यांनी आम्ही दोघं बघायला गेलो, तेव्हा दोन घोड्यांवर जाळी वाळत होती आणि बाकीच्या वाळूत आडव्या पडल्या होत्या.

"काय हिरामावशी, घोडी कशी आहे?"

"बरी हाय. तक्रार काय नाय."

"मग वापरत का नाही?"

"वापरली ना आठ दिवस. मंग सुमनचं नि माझं बोलनंच बंद झालं."

"भांडलात?"

"भांडायला तरी समोर यायला पायजे ना! ती तिच्या घोडीवरून उचलते, मी माझ्या घोडीवरून. ती फुडं, मी मागं. पाटी चढवताना ती माझ्या कानाशी यायची. सुनेनं काय केलं, पोराचा फोन आला का, सगलं तेव्हाच. तुझी घोडी बोलते का रे, परब?"

"बोलायला लागली तर आनून दे," मागून सुमन म्हणाली. "हिरीला सांभाळायला मानूस भेटंल!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. सुहास वहीत लिहीत होता. परतताना रस्त्याकडेच्या टपरीवर त्यानं चहा सांगितला आणि तो तसाच निवू दिला. "दुसरं माणूस लागतं, हीच अडचण असं मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "चुकीचा रकाना वाचत होतो..." पुढच्या आठवड्यात त्यानं घोड्या परत आणल्या. पाच आल्या. एका बाईचा खांदा दुखत होता, तिनं ठेवून घेतली. तीही नोंद त्यानं केली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता तो माझ्या दारात होता. वाटेत निर्मळला थांबून घेतलेली केळी हातात. "पट्टी नीट चालते का बघायला आलोय." पट्टी बघून झाल्यावर त्यानं दोरीवरची चादर काढली, दोन टोकं स्वतः धरली आणि दोन माझ्याकडे फेकली. घडी घालण्यात मी वाईट होतो. "टोक जुळव, टोक! अख्खं वर्तमानपत्र जुळवतोस, एक चादर जुळवता येत नाही?" टोकं जुळवत दोघं एकमेकांकडे चालत यायचो, तो माझ्या हातातली टोकं घ्यायचा, मी खाली लोंबणारी कड उचलायचो. दोन मिनिटांचं काम. मग चहा, केळी, वर्तमानपत्रातल्या चुका. साडेनऊला तो स्कूटरवरून फुलपाड्याला परत जायचा. हे दर रविवारी, दीड वर्ष चाललं. का येतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्या महिन्यानंतर मी पट्टी वापरणं बंद केलं. धुतलेल्या चादरी खुर्चीवर ठेवून द्यायचो आणि रविवारी सकाळी त्यातली एकेक पुन्हा दोरीवर टाकायचो.

मुंबईतला एक घाऊक व्यापारी ती पट्टी मोठ्या संख्येनं घ्यायला तयार झाला होता. गाळा चालू राहणं या सौद्यावर अवलंबून होतं. पण सुहासनं त्याच्या रीतीप्रमाणे आधी वापरणाऱ्यांना विचारायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी चहानंतर त्यानं वही काढली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर माझ्यासाठी ती पहिल्यांदाच उघडली होती.

"रोज वापरतोस?"

"हो."

"काही कमी वाटतं?"

"नाही. उत्तम आहे."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असं वाक्य बातमीदारानं आणलं असतं तर तू कापलं असतंस."

मी म्हटलं, "वस्तू चांगली आहे, तर चांगली म्हणू नको?" त्यानं लिहिलं, वही मिटली, आणि चपला घालताना तो म्हणाला, "बघू." माणसांकडून खरं काढून घेण्याचा माझा धंदा. मी त्याला खोटं सांगितलं, कारण खरं सांगायचं तर पुढचं वाक्य 'तू येत जा' हे आलं असतं, आणि ते वाक्य मला कोणाला कधी म्हणता आलेलं नाही. चार दिवसांनी, गुरुवारी, तो गेला.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात शुभाताईंनी मला गाळ्यावर बोलावलं. व्यापाऱ्याला काय सांगायचं, ते त्यांना कळत नव्हतं. वही त्याच्या टेबलाच्या खणात होती. शेवटच्या पानावर माझं नाव. काम... चादर. अडचण... सांगत नाही. सोबत... रविवारी मी. खाली एक ओळ होती. 'व्यापाऱ्याकडून आठवडा मागून घेतला. देसाईला पुन्हा विचारायचं.'

मी पान शुभाताईंना दाखवलं आणि पट्टी मी वापरत नव्हतो, हे सांगितलं. का, तेही सांगितलं. त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "हे त्याला सांगितलं असतंत तर त्यानं काय केलं असतं?" कदाचित त्यानं व्यापाऱ्याला हो म्हटलं असतं. जिथे रविवारी कोणी येत नाही, अशी घरं त्याच्या वहीत पुष्कळ होती. शुभाताईंनी व्यापाऱ्याला होकार कळवला. खोक्यावरचा मजकूर बदलू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यानं ठरवला तसाच राहू दे.

पट्टी माझ्या भिंतीवर आहे. वस्तू म्हणून तिच्यात दोष नाही. चाप घट्ट धरतात, टोक सुटत नाही. गेल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी खुर्चीवरची चादर उचलली, तिची दोन टोकं चापांत अडकवली, दोन हातात घेतली आणि घडी घालत चालत गेलो, भिंतीपर्यंत.