'नंतर' नावाचा फोल्डर

वहिनीचा फोन आला. "अगं, गुडघ्यांच्या व्यायामाचं काहीतरी सापडलंय म्हणाली होतीस ना? पाठव की."

मी ब्राउझर उघडला. पत्त्याशेजारचा चांदणीसारखा तारा दाबून जपलेली पानं एकाखाली एक सरकत राहिली, संपेचनात. लोणच्याची कृती, पडद्यांची कापडं, कुठल्याशा गडाची वाट, सगळं 'नंतर' नावाच्या एकाच फोल्डरात. कशासाठी ठेवलं, कोणासाठी ठेवलं, काही म्हणता काही कळेना. मला चीडच आली. तारा दाबताना या ब्राउझरने एवढं तरी विचारावं, हे कोणासाठी गं? आणि ते पान त्या माणसाच्या नावाखाली नेऊन ठेवावं. पाठवतानाही नुसती लिंक जाऊ देऊ नये. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो; तसे माझे दोन शब्द मागून घ्यावेत.

व्यायाम काही सापडेनात.

"राहू दे गं," वहिनी म्हणाली. "तूच ये एकदा. तू समोर बसलीस तर मी करीन तरी."

"येते ना, नंतर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

स्क्रीनवर तो फोल्डर अजून उघडाच होता. वहिनीलाही मी त्यातच टाकलं होतं.