गोठ्याची कोरडी भिंत

भिंत पडली, असा निरोप हडपसरला माझ्याकडे आला. अक्का तिच्याखाली सापडून गेली, हे निरोप्यानं नंतर सांगितलं... माझी थोरली बहीण, आणि निरोपातसुद्धा भिंत तिच्या आधी. आता कित्येक आठवडे लोटले. माझा राग जात नाही आणि तो जावा असं मलाही वाटत नाही.

आम्ही मूळचे कोकणातले. तिकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या पानांचे विणलेले झाप बांधतात, म्हणजे झड थेट मातीवर बसत नाही. भावोजींनी पुण्यात शनिवारात नवं घर बांधलं, तेव्हा अक्कानं शिंदीची पानं मागवली आणि ओसरीवर बसून झाप विणले. बोटं कापली तरी उठली नाही. पश्चिमेला, रस्त्याकडच्या खिडकीवर भावोजींनी साधा छज्जाही ठेवला नव्हता, कारण श्रीमंत पेशव्यांची स्वारी जाताना घर उठून दिसायला हवं. झाप पाहून ते म्हणाले, "हे दर्शनी भिंतीला लावू? कालच घाट चढून आलो असं वाटेल लोकांना. गोठ्याला बांधा."

"अहो, स्वारी येते आणि जाते. पाऊस मुक्कामाला येतो," अक्का म्हणाली. झाप गोठ्याला गेले.

पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीखालून ओल उतरली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा अक्का रोज त्या भिंतीवर तळहात ठेवायची. "आतली माती भिजलीय. हिला उघडी ठेवा, वाळू द्या," असं तिनं माझ्यादेखत सांगितलं होतं. भावोजींनी दिवाळीला आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा करून घेतला. ओल गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. पाहुण्यांनी गिलाव्याचं कौतुक केलं आणि भावोजींनी ते करवून घेतलं.

यंदा श्रावणातल्या झडीत ती भिंत खिडकीसकट आत आली. अक्का तिथंच होती... बहुधा हात लावूनच.

तेराव्याला भावोजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "यंदा पाऊसच तसा झाला. दैवापुढे कोणाचं काय चालतं?" मला ऐकवेना. उठून मागे गेलो. गोठ्यावर अक्काचे झाप तसेच होते, काळे पडलेले, पण गाठी घट्ट. आत जाऊन भिंतीवर तळहात ठेवला. परत येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "भावोजी, गोठ्यावरही तोच पाऊस पडला. भिंत कोरडी आहे. या, हात लावून बघा."

ते उठले नाहीत. मी मात्र पुण्यात आलो की आधी गोठ्यात जातो.