मागच्या सीटवरची मावशी

सुमनमावशी गेल्याचं माझ्या मुलीनं, पल्लवीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकासमोर साडी उलगडत होते... ती अर्धी उलगडलेली तशीच राहिली. घरी धागा कटिंग केलेल्या, म्हणजे सुटे धागे कापून दिलेल्या, साड्यांचं गाठोडं घेऊन मावशी बमरोलीच्या रस्त्यानं निघाली होती. रॉंग साइडनं मोपेडवर आलेल्या सोळा वर्षांच्या पोरानं तिला उडवलं. पोरगा आमच्याच गल्लीतला.

आम्ही बीडकडचे, ती अमळनेरकडची. पोटासाठी परराज्यात आलो आणि भेस्तानात भिंतीला भिंत लागून राहिलो. तिचा महेश दहावीत असताना मोपेडवरून दही आणायला गेला, तो परत आलाच नाही. चावी तिनंच दिली होती आणि हे ती कुणापासून लपवत नसे. मग एकदा स्वतःसाठी लाल हेल्मेट घेऊन आली आणि घरोघरी सांगत सुटली, पोरं अठरा वर्षांची होईस्तोवर गाड्यांच्या चाव्या माझ्याकडे ठेवा. लोक मागून हसले, पण तिच्या तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती होती? हळूहळू तिच्या दाराआडच्या खिळ्यांवर चाव्या लटकू लागल्या.

लायसन्स आलं तरी चावी लगेच मिळत नसे. मावशी हेल्मेट घालून मागे बसायची आणि उधन्याच्या गर्दीतून फिरवून आणायला लावायची. वाटेत ओरडणं नाही की शिकवणं नाही. उतरल्यावर एवढंच म्हणायची, ‘‘माले भ्याव वाटस. चावी आठेच राही.’’ तिला भीती वाटली नाही, तरच चावी हातात. दांडगी पोरं मुकाट्यानं मान खाली घालून जात आणि पुढच्या रविवारी परत येत.

ज्यानं तिला उडवलं, त्याची चावीही तिथंच होती. क्लासला उशीर होतो म्हणून त्याचे वडील ती मागायला आले. मावशी नाही म्हणाली. पोरगा पुटपुटला, ‘‘मावशी, सब चलाते हैं।’’ वडिलांनी हसत हसत स्वतःच खिळ्यावरून चावी काढून नेली. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. मावशीच्या दिवसांना त्या पोराची आई दारात उभी राहून रडली... मला तिची दया आली नाही. असं लिहू नये, पण नाही आली.

पल्लवीचं लायसन्स मावशी असतानाच आलं होतं, फेरी तेवढी राहिली होती. परवा ती चावी मागायला गेली, मीही सोबत होते. महेश गेल्यापासून काका, म्हणजे मावशीचे यजमान, कधी दुचाकीवर बसले नव्हते. ते उठले, मावशीचं हेल्मेट कसंबसं डोक्यात घातलं आणि म्हणाले, ‘‘चाल माय, मी मांगे बठस.’’ मावशी पडली त्याच रस्त्यानं दोघं जाऊन आली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी त्यांनी सांगितलं, आपल्याला भीती वाटली नाही, घे चावी.

पल्लवीनं चावी घेतली आणि स्वतःच परत खिळ्याला अडकवली.

‘‘मला वाटली ना, काका. उद्या परत बसाल मागे?’’

काकांनी मान डोलावली. हेल्मेट खुंटीला लावावं म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही, दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलं.