अकरा पुडकी

माझ्या सासूबाई जन्माच्या भित्र्या. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणार, जिना उतरणार आणि चौथ्यांदा ओढायला पुन्हा वर जाणार. सासरे असेपर्यंत त्यांना 'भागूबाई' म्हणून चिडवायचे. ते गेले, चिडवणं संपलं. भीती मात्र होती तिथेच राहिली.

पण हात असा की बघत राहावं. बावीस वर्षं त्यांनी बाइंडिंगच्या कारखान्यात कागदाच्या घड्या घातल्या होत्या. बोटाच्या नखाने एकदा रेघ ओढली की कागद तिथेच दुमडणार, केसभरही इकडेतिकडे नाही. कारखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या आणि घरात बसून भिंतींना सुद्धा कंटाळा आणत होत्या. मी एका तीन मजली दुकानात कपड्यांच्या विभागात होते. नाताळच्या महिन्यात गिऱ्हाइकांच्या भेटी बांधून द्यायला तिथे माणसं लागायची. मी मॅनेजरला म्हटलं, "आधी त्यांचा हात बघा, मग काय ते बोला." आईंनी त्याच्यासमोर बुटाचा एक खोका बांधला. सेलोटेपचे तीनच तुकडे, आणि तेही शोधून सापडणार नाहीत असे. मॅनेजरने खोका उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मावशी, उद्यापासून या."

चार नाताळ त्यांनी तो काउंटर सांभाळला. काम बसून असलं तरी सोपं नव्हे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रांग पार लिफ्टपर्यंत जायची. चमकी कागदाने बोटांना बारीक चिरा पडायच्या, रिबिनीने पेरं सोलून निघायची. घरी आल्यावर आई कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या आणि आज कुणी काय घेतलं ते सांगायच्या. कुणी बायकोला इस्त्री घेतली, कुणी साहेबाला छत्री. "एवढ्या सुंदर कागदात इस्त्री!" असं म्हणून स्वतःच हसायच्या.

मी सांगते ती गोष्ट चौथ्या वर्षीची, नाताळच्या आदल्या दिवशीची.

दुपारी जेवून त्या दोन वाजता काउंटरवर परतल्या. टेप आणि कागद कापायला त्यांच्याकडे कटर असायचा. पात्यावर आडव्या रेघा असतात, धार गेली की पुढचा तुकडा मोडून टाकायचा, तसला. जेवून आल्या आल्या त्यांनी बोथट तुकडा मोडला, पत्र्याच्या डबीत टाकला आणि कामाला लागल्या. पावणेतीनच्या सुमाराला एका जाड पुठ्ठ्याला पातं लावलं तर ते लागेना. बघतात तर टोक नाही. नखाएवढा तुकडा कधीतरी आपोआप तुटून गेलेला.

त्यांनी डबी पालथी केली. आतले जुने, गंजकट तुकडे एकेक करून पाहिले. नवा नव्हता. टेबल झटकलं, खुर्चीखाली पाहिलं, एप्रनचे खिसे उलटे केले. नंतर खाली बसून हाताने फरशी चाचपली. रांगेतली एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, आज होणार का आमचं?" आईंना ते ऐकूच गेलं नाही.

कुणीतरी मला वरून बोलावून आणलं. मी पोचले तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता.

"अगं, दोन वाजल्यापासून अकरा पुडकी बांधलीत मी," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकात असणार."

मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यावर अख्खं दुकान होतं. "मावशी, कचऱ्यात गेलं असेल. कागदाचे इतके तुकडे पडतात. आता बांधलेलं उलगडत बसलात तर लोक ओरडतील."

"ओरडू देत," आई म्हणाल्या.

चार वर्षांत त्या त्याच्याशी इतक्या ताठ बोलल्या नव्हत्या. तो दोन पावलं मागे सरकला.

आठ पुडकी अजून मागच्या फळीवर होती, गिऱ्हाइकं नंतर न्यायला येणार होती. आम्ही दोघींनी ती उलगडली. प्रत्येक कागद उजेडात धरला, घडीघडीतून बोट फिरवलं. काही नाही. नववं पुडकं आमच्याच कॅशियरने भावासाठी नेलं होतं, तिने ते लगेच फाडून दाखवलं. दहाव्याची मालकीण खालच्या मजल्यावर सापडली. तिच्या किटलीच्या खोक्यातही काही नव्हतं.

अकरावं पुडकं म्हणजे कापडी हत्ती.

त्याला खोका नव्हता, म्हणून आईंनी तो लाल क्रेप कागदात गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ दिला होता, गोळीच्या कागदासारखा. नेणारा बसचा ड्रायव्हर होता, खाकी गणवेशातला. "ताई, जरा हात चालवा, अडीचची चौदा नंबर माझीच आहे," असं म्हणाला होता. आणि मग, आईंनी विचारलं नसताना, हेही म्हणाला होता की नातू दहा महिन्यांचा आहे, दात येताहेत, दिसेल ते तोंडात घालतो.

  मला दोन मुलं आहेत. दहा महिन्यांचं पोर काय काय गिळू शकतं ते मला ठाऊक होतं.

मॅनेजरने रिबिनीचं रीळ स्वतःकडे ओढलं. मग एवढंच म्हणाला, "जा तुम्ही दोघी. काउंटर मी बघतो."

चौदा नंबर शेवटच्या स्टॉपवरून वळून दुकानासमोरून परत जाते. आम्ही पलीकडच्या स्टॉपवर जाऊन उभ्या राहिलो. पंचवीस मिनिटं. आईंनी माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. दुसऱ्या दिवशीही तिथे बोटांचे वळ होते. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या, "मी दोनदा बघायला हवं होतं." कुलूप चार-चार वेळा बघणारी बाई, आणि नेमकं इथे एकदाही पाहिलं नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

बस आली. तोच ड्रायव्हर होता. मी दारातून चढून त्याच्यापर्यंत पोचले आणि घाईघाईत सगळं सांगितलं. त्याने आधी हसल्यासारखं केलं, चेष्टा वाटली असावी. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या आईंकडे त्याची नजर गेली.

"पुडकं तर मी लेकीला देऊन आलो," तो म्हणाला. "तीन वाजता."

"फोन करा, भाऊ. आत्ताच्या आत्ता."

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मागून प्रवासी ओरडायला लागले, एकाने तर सीटवर थाप मारली.  पन्नास माणसं भरलेली बस रस्त्यात टाकून ड्रायव्हर जाऊ शकत नव्हता. त्याने माझ्या हातावर पेनाने पत्ता लिहिला. शेवटचा स्टॉप, मागची गल्ली, तिसरा मजला.

"मी फोन लावत राहतो," तो म्हणाला. "तुम्ही धावा हो ताई, धावा."

टॅक्सी मिळाली, पण रस्ते तुंबलेले. ज्याच्या त्याच्या हातात पिशव्या, ज्याच्या त्याच्या कडेवर पोर. दर सिग्नलला आई दाराच्या कडीला हात घालायच्या आणि मी त्यांना मागे ओढायची. एकदा त्या म्हणाल्या, "त्या पोराला काही झालं तर मी घरी येणार नाही." मी रागावले त्यांच्यावर. "काहीतरी बोलू नका," असं ओरडले, अहोजाहो करतच, पण ओरडले. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती, आई माझ्या पुढे होत्या. दाराआड पोर रडत होतं. आईंनी दोन्ही हातांनी दार बडवलं. दार एका तरुण मुलीने उघडलं, केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिच्या कडेवर ते बाळ. आणि त्याचं तोंड लाल होतं. ओठ, हनुवटी, गळ्यापर्यंत लाल ओघळ.

आई तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या.  मीच ओरडले, "रक्त! तोंड उघडा त्याचं!"

मुलगी घाबरून मागे झाली. "कोण तुम्ही? रक्त कसलं? कागदाचा रंग आहे तो! मी आंघोळीला गेले तेवढ्यात याने पुडकं ओढून घेतलं, कागद चोखत बसला. काढून घेतला म्हणून रडतोय."

मी बाळाच्या तोंडात बोट घालून हिरड्या, जीभ, गाल, सगळं पाहिलं. ते मला चावलं. नुकता फुटलेला एकच दात, पण चांगलाच लागला. कुठे जखम नव्हती.

"कागद कुठाय?" आईंनी खालूनच विचारलं.

कागद पलंगाजवळ पडला होता. ओला, चघळलेला, एका बाजूचा पीळ पूर्ण सुटलेला. आईंनी तो जमिनीवर पसरला आणि कारखान्यात पुस्तकांचे दुमडलेले फर्मे तपासायच्या तशा एकेक सुरकुती उलगडत गेल्या. दुसऱ्या टोकाचा पीळ, जिथपर्यंत बाळ अजून पोचलं नव्हतं, तो सोडवला. आतून टेप लावली होती. टेपखाली तो तुकडा चिकटलेला होता, धार वर करून.

 बाळाची आई त्या तुकड्याकडे बघत राहिली, मग बाळाला घट्ट धरून पलंगावर बसली. तिचा फोन उशीखाली वाजत होता. बराच वेळ वाजत राहिल्यावर मीच उचलला आणि तिच्या वडिलांना म्हटलं, "बाळ ठीक आहे." पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि मागे बसचं इंजिन.

मुलगी नंतर रडली आणि मग भडकली. हे तिचं बरोबरच होतं. "तुम्हाला काही वाटतं का? लहान मुलांच्या वस्तू बांधता तुम्ही!" आईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. चूक माझी आहे, एवढंच त्या म्हणाल्या. तुकडा रुमालात गुंडाळला, एप्रनच्या खिशातल्या टेपने रुमाल चिकटवून टाकला. निघताना मुलगीच मागून दारापर्यंत आली. "तुम्ही आला नसता तर," असं म्हणाली, आणि टॉवेलच्या टोकाने बाळाची हनुवटी पुसू लागली.

मॅनेजरने वर सगळं लिहून कळवलं. आईंना ताकीद मिळाली. कटर मात्र सगळ्या काउंटरवरून हलले आणि बोथट टोकाच्या कात्र्या आल्या. नाताळनंतरच्या सेलसाठी आईंना दोन महिने ठेवून घेतलं, पण हँगर वेगळे करायच्या कामाला बसवलं.  रात्री त्या दचकून उठायच्या. माझ्या मुलांच्या अंथरुणाशी येऊन, अंधारात त्यांच्या तोंडावरून हळूच हात फिरवायच्या. मी जागी असायचे.

पुढच्या डिसेंबरात मॅनेजरने त्यांना पुन्हा बोलावलं. मला वाटलं, नाही म्हणतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी एप्रन धुऊन वाळत घातला. आता त्यांचं काम संथ चालतं, रांगेतले लोक कुरकुरतात. पुडकं बांधून झालं की त्या डोळे मिटतात आणि दोन्ही तळव्यांनी ते सगळ्या बाजूंनी दाबून बघतात. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारी आशीर्वाद देतेय. काही जण तर थँक्यू म्हणतात.