दीड मीटर सोडून चालणारा कोच

कोचला मी बसलेला कधी पाहिला नाही. मॅचला त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली असायची, तिच्यावर त्याचं जॅकेट बसायचं आणि हा कडेनं येरझाऱ्या घालायचा. घरी जेवायला बोलावलं तर ताट हातात घेऊन ओट्याला टेकून उभा. माझी सून पल्लवी म्हणायची, दादा बसा ना. तर म्हणायचा, "बसलं की डोकं बंद पडते, वहिनी." मी साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढली. असा सारखा धगधगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी चौथी पास, लिहिण्याचा सराव नाही. पण कोचबद्दल मी एकदा बोललो आणि चुकीचं बोललो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

तो अकोल्याकडचा. इथल्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे युनीत, शिकायला आला आणि इथंच राहिला. हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करण्याच्या खात्यात कामाला. ते झालं की युनीच्या कबड्डीच्या टीमला शिकवायचा, फुकट. फोन उचलला की तो जय भीम म्हणायचा, मी रामराम म्हणायचो, आणि तिथून पुढं आमचं कबड्डीवर सुरू व्हायचं. मी कारखान्याच्या टीममधून खेळलेलो. चढाईला गेलो की रेफ्री घड्याळ बघायचा, एवढा माझा दम. हे मी आमच्या क्रेगीबर्न उपनगरात भेटेल त्याला सांगत होतो आणि लोक बरं बरं म्हणत होते. कोचनं मात्र ऐकून घेतलं आणि मला काम दिलं.

काम मॅटचं. हॉल भाड्याचा, मॅट युनीची. तिचे तुकडे दातात दात घालून जोडायचे असतात. एक कड जरी वर राहिली तरी धावणाऱ्याचा अंगठा अडकतो आणि पोरगं महिनाभर घरी. दर रविवारी मी ते तुकडे जोडायचो, गुडघ्यावर बसून, कड न कड हातानं चाचपून. मी हात वर केल्याशिवाय कोच कुणाला आत पाऊल टाकू द्यायचा नाही. शंभरेक माणूस बाहेर बूट काढून थांबलेलं असायचं, माझा हात वर होण्याची वाट बघत. बायको गेल्यावर मुलानं मला इकडं परदेशात आणलं, तेव्हापासून माझ्यासाठी कुणी थांबलं असेल तर ते तिथंच.

मग करोना आला आणि हॉलला कुलूप लागलं. त्यातच कबड्डी असोसिएशननं गट नव्यानं पाडायचं काढलं. युनीच्या टीमांची वेगळी लीग, मॅचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि खेळणार फक्त शिकणारी पोरं. ते नको असेल तर युनीचं नाव सोडा, क्लब व्हा आणि आपल्या शहराच्या उत्तरेकडच्या गटात राहा. पाठीराख्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नवी अफवा. टीम मोडणार, टीम विकली, टीम जिलाँगला जाणार. घरात कोंडलेल्या माणसांना दुसरं काम काय होतं?

तेव्हा घरापासून पाच किलोमीटर आणि दिवसाला एक तास, एवढीच फिरायला मुभा होती, तीही दोघांनाच. कोचनं तो तास आम्हाला वाटला. रोज एक पाठीराखा. दारात उभं राहून हाक मारायचा आणि बरोबर चालायला न्यायचा. तो हॉस्पिटलचा माणूस म्हणून पल्लवी घाबरायची. पहिल्या दिवशी त्यानं अंतर समजावलं, "अण्णा, निदान रेषेपासून बोनस रेषा किती? एक मीटर. त्याच्यात अर्धा टाका. तेवढे दूर राहा, वहिनी काही म्हणत नाहीत." पुढं तासभर तो कडेच्या गवतावरून आणि मी फूटपाथवरून. अंतर दोन बोटंसुद्धा कमी झालं नाही.

चालताना तो दोनच प्रश्न विचारायचा. तुम्हाला काय वाटतं? आणि काहून? त्याच्या वऱ्हाडीत 'का'ला काहून. आम्ही उलट विचारलं की उत्तर ठरलेलं, "माहीत नाही." टीम राहणार का? माहीत नाही. हॉल मिळणार का? माहीत नाही. आमच्याकडचे पुढारी एवढ्यात तीन आश्वासनं देऊन मोकळे झाले असते. मला त्या 'माहीत नाही'चा आधी राग आला, मग सवय झाली. पण त्याचे पाय ते शब्द बोलताना आणखी जोरात पडायचे, हे माझ्या लक्षात होतं.

दुसऱ्या खेपेला मी त्याला ठासून सांगितलं, क्लब करायचा. आपण उत्तरेचे, उत्तरेतच राहायचं. काहून, त्यानं विचारलं. मी म्हणालो, तत्त्व म्हणून. तो म्हणाला, क्लब झालो तर मॅट युनीची, ती परत जाणार. हॉल त्यांच्या नावावर, तोही जाणार. टीममध्ये शिकणारी पोरं आहेत, कामं गेलेली, एकेका खोलीत चौघं. त्यांच्याजवळ युनीचा तो टी-शर्ट सोडून काही उरलेलं नाही. "मला वाटते, जावं युनीच्या लीगमध्ये."

मी तिथूनच माघारी फिरलो. घरी आलो आणि ग्रुपवर बोलून मेसेज टाकला. मला टाइप करता येत नाही, मी बोलतो. म्हणालो, कोचला युनीत नोकरी लागतेय, म्हणून हा आपल्याला विकतोय. असल्याबरोबर चालण्यात अर्थ नाही. कोच त्या ग्रुपात होता हे मला ठाऊक होतं. त्याचा मला अभिमानच वाटला. आपण तोंडावर बोलतो, पाठीमागं नाही.

माझ्या वयाचा आणि माझ्या मॅटचा मान मोठा. लोकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ट्रक चालवणारा बलजीत त्याला दारातूनच म्हणाला, भाई, घुटना दुख रहा है. तिसऱ्या दिवशी कुणाला थंडी बाधली, चौथ्या दिवशी कुणी दारच उघडलं नाही. मी खिडकीतून बघायचो. कोच आमच्या गल्लीतून एकटाच चाललेला असायचा. मास्क लावलेला, मान खाली. पण चालायचा कडेच्या गवतावरूनच. शेजारचा फूटपाथ पूर्ण मोकळा सोडलेला, जणू कुणीतरी बरोबर आहे.

बुधवारी माझी पाळी होती. मला वाटलं येणार नाही. आला. मी नाही म्हणणार होतो, पण माझ्याआधी माझे पाय बुटात गेले. टेकाडाच्या चढापर्यंत तो नेहमीसारखा गवतावरून चालला. मग म्हणाला, "अण्णा, दम चांगला आहे तुमचा. चार मिनिटं एका दमात बोलले."

त्याच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. रेफ्री घड्याळ बघून सांगतो तसं त्यानं सांगितलं.

"त्या लीगचा आणखी एक नियम आहे," तो म्हणाला. "कोच युनीच्या पगारावरचाच पाहिजे. मी काय युनीचा आहे? मी कात्र्या अन् चिमटे धुतो."

म्हणजे टीम गेली की हा बाहेर. पहिल्या दिवसापासून त्याला ते माहीत होतं. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी टीमचं नसतं पाहिलं, माझं पाहिलं असतं. आता सांगा. काय वाटते?"

मी म्हणालो, जाऊ दे टीमला.

"काहून?"

चढ निम्मा राहिला होता. मी म्हणालो, थांब, दम लागलाय. आयुष्यात हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले, आणि तेही खोटे. दम लागला नव्हता. उत्तर देता येत नव्हतं.

घरी येऊन मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. कोचबद्दल बोललो ते खोटं होतं, त्याच्याबरोबर चाला. एवढाच. बलजीतचा गुडघा त्याच रात्री बरा झाला.

टीम युनीच्या लीगमध्ये गेली. कोचच्या बायकोला दूर डार्विनच्या हॉस्पिटलात केव्हापासून नोकरी तयार होती, टीमसाठी त्यानं ते लांबवलं होतं. लॉकडाऊन उठून वाटा उघडल्यावर तोही गेला. निघताना दारात आला, पल्लवीनं डब्यात लाडू दिले, मी हात जोडले. माफी मागायची होती. मी म्हणालो, तिकडं ऊन फार असतं म्हणे, टोपी घाल.

नवा कोच तरुण आहे, गोरा, खुर्चीत व्यवस्थित बसतो. एकदा मुलानं मला गाडीनं दोन तास काढून मॅचला नेलं. मॅट कुणीतरी आधीच जोडलेली होती. एका कोपऱ्यात कड वर होती. मी वाकून ती दाबली, तर एक मुलगी येऊन नम्रपणे म्हणाली, सर, प्लीज, लाइनच्या मागं बसा. बसलो.

आमचा जुना कोच रविवारी डार्विनहून फोन करतो. तिकडचं घड्याळ आमच्यापेक्षा मागं. तो तिथं चालतो, मी इथं चालतो. त्याची पावलं मला ऐकू येतात. फोन ठेवताना न चुकता म्हणतो, "अण्णा, तुमचं काहून राहिलंय."

गेल्या रविवारी मी त्याच टेकाडाच्या चढावर होतो. म्हणालो, ऐक. तत्त्व वगैरे काही नव्हतं. मी हात वर केला की शंभर माणसं आत यायची. टीम गेली की माझा हात कुणी बघणार नव्हतं. त्यासाठी मी तुला चोर ठरवलं. माझं चुकलं.

फोनमधली पावलं थांबली. मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो हॅलो केलं.

"आहे, अण्णा," तो म्हणाला. "बाकडं आहे इथं. जरा बसतो."