आकडा चौऱ्याऐंशीवर गेला तेव्हा

खरं सांगते, भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणारी बाई मी. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी आलाच नाही. तरी हे लिहितेय...

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी उल्हासनगर कॅम्प पाचला राहायचे आणि जवळच्याच एका हार्ट हॉस्पिटलमध्ये अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियन होते. तेव्हा आमच्याकडे नवीनच मशीन आलं होतं. पेशंटच्या कपाळाला पट्टी चिकटवायची, मेंदूची हालचाल वाचून ते आकडा दाखवतं. चाळीस ते साठ म्हणजे गाढ झोप. ऐंशीच्या वर गेला म्हणजे माणूस जागा होतोय.

त्या सकाळी बायपासच्या पेशंटची फाइल उघडली आणि नाव ओळखीचं निघालं. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतला सुपरवायझर. माझ्या दादाला, मिलिंदला, मास्क न देता टाकी साफ करायला यानेच उतरवलं होतं. दादा आतच गुदमरून गेला. आणि याने रिपोर्टात काय लिहावं — कामगार दारू पिऊन उतरला होता! दादा सुपारीसुद्धा खात नव्हता हो. आईने त्या एका ओळीचीच हाय खाल्ली, वर्षभरात तीही गेली.

मी भुलीच्या औषधाला हात लावला नाही, शपथेवर सांगते. सर्जन छाती उघडत होते, आकडा पंचेचाळीस. मी त्याच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "मिलिंद प्यायलेला नव्हता."

आकडा थेट चौऱ्याऐंशी.

"गॅस बघ!" भूलतज्ज्ञ डॉक्टर ओरडले.

"चालू आहे सर, पूर्ण आहे."

"पट्टी सुटली का?"

पट्टी घट्ट होती. डोस वाढवला, तरी आकडा हलेना. बीपी, पल्स मात्र शांत. दहा मिनिटांनी आपोआप खाली आला. "मशीनच बिघडलंय," डॉक्टर म्हणाले. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

चौथ्या दिवशी वॉर्डात त्याच्या बायकोने मला थांबवलं. "सिस्टर, हे झोपतच नाहीत. सारखे विचारतात, चिमी कोण?"

मी त्याच्या खाटेपाशी गेले. मला चिमी फक्त दादा म्हणायचा.

तो खाटेवरून म्हणाला, "टेबलावर एक बाई काहीतरी बोलली. मग पुरुषाचा आवाज... 'चिमे, तू गप. आता मी बोलतो.' टाकीत काय काय झालं ते सगळं सांगितलं त्याने. अजून सांगतोय..."

"चिमी मीच. मिलिंदची बहीण," मी म्हणाले. "खरं काय ते लिहून द्या."

त्याने बायकोसमोर लिहिलं — कामगार प्यायलेला नव्हता, मास्क मी दिला नाही. सही केली. "आता थांबेल ना तो?"

"माहीत नाही," म्हणून मी निघाले. थांबू नये, असंच वाटत होतं मला.

तो कागद बदलापूरला वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

भुलीत कधीकधी ऐकू येतं म्हणतात. येत असेल. पण ते नाव त्याला कुठून कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच्या बायकोचे पुढे फोन यायचे — हे अजून झोपत नाहीत, काहीतरी करा. मी काय करणार? मला दादाचा आवाज एकदाही ऐकू आला नाही.