कप कोणत्या हातात

मागच्या शॉटमध्ये नायकाची सिगारेट किती जळली होती, नायिकेचा कप कोणत्या हातात होता, हे कॅमेऱ्याशेजारी बसून टिपत व्हर्ना पावेल्कानं हॉलिवुडच्या स्टुडिओंत उभं आयुष्य काढलं. तिच्या सिनेमात चूक सापडत नाही असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला तिला मनापासून आवडे. मग टेलिव्हिजननं प्रेक्षक पळवले, स्टुडिओंनी माणसं कमी केली आणि एकाहत्तर साली व्हर्ना बर्बँकमधल्या एका भाड्याच्या घरात चाललेल्या चित्रीकरणावर, नील कास्टनर नावाच्या दाढीवाल्या दिग्दर्शक पोराच्या हाताखाली कंटिन्युटी, म्हणजे शॉट शॉटला जुळतोय ना हे, सांभाळायला आली.

नीलचं सगळंच उफराटं. कॅमेरा खांद्यावर, नटांनी सुचेल ते बोलायचं, आणि शॉट एकमेकांशी जुळले की याचं तोंड वाकडं.

"कप मघाशी डाव्या हातात होता," व्हर्ना म्हणाली.

"असू दे. त्या बाईचं लग्न मोडलंय, तिला कशाचा ताळमेळ लागत नाहीये. बघणाऱ्यालाही लागू नये."

"बघणारा म्हणेल, कंटिन्युटीवाली झोपली होती."

"म्हणू दे की."

त्याचं काय जात होतं म्हणायला? नाव हिचं खराब होणार होतं, पुढची कामं हिची जाणार होती.

शेवटी सवयच तिला नडली. जेवणाच्या सुट्टीनंतर तिनं नटीच्या कानात सांगितलं, "कप डाव्या हातात घे गं." नटी जुन्या तालमीतली, तिनं निमूट ऐकलं. दुसऱ्या दिवशी चित्रण पडद्यावर पाहिलं तर प्रसंग अगदी सुरळीत जुळलेला. नील भडकला.

"तुम्ही माझा सीन मारलात, व्हर्ना."

"मी माझं काम केलं. ते नको असेल तर टायटल्समधून माझं नाव काढ."

"राहू दे नाव. पस्तावाल."

"काढ म्हटलं ना."

त्यानं काढलं, आणि सीन पुन्हा घेतला.

सिनेमा लागला आणि वर्तमानपत्रांनी नेमके ते न जुळणारे शॉटच डोक्यावर घेतले. या विस्कटण्यातही केवढी शिस्त आहे, असं कोणीतरी लिहिलं. ती शिस्त कोणाची होती? चित्रीकरण संपेपर्यंत कुठे किती बिघडवायचं हे नील रोज तिलाच विचारायचा आणि ती दातओठ खात सांगायची. पेपर वाचून तिला स्वतःचा असा संताप आला की तिनं तो चोळामोळा करून फेकला.

महिन्याभरानं एका तरुण निर्मात्याचा फोन आला. युनियनच्या कचेरीनं त्याला तिचा नंबर दिला होता.

"कास्टनरच्या सिनेमाची कंटिन्युटी करणारी बाई मला हवीय. टायटल्समध्ये नावच नाही, आणि तो गेलाय युरोपात. तुम्ही जुन्या आहात, तुम्हाला ठाऊक असेल."

"मीच ती," व्हर्ना म्हणाली.



"असं का," तो अदबीनं म्हणाला. "आज असं सांगणाऱ्या तुम्ही तिसऱ्या."